घुबडाचे नाणे आणि त्याचा पारखी: अथेन्सच्या चलनसंकटाचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचे आहे

इ.स.पू. ३९१ च्या सुमारास अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या ‘एक्लेसियाझूसाय’ या अॅरिस्टोफेनिसच्या नाटकात एक नागरिक आपली हकीकत सांगतो. त्याने द्राक्षे विकली, आलेली तांब्याची नाणी त्या काळच्या रीतीप्रमाणे गालात भरली आणि तो जवाचे पीठ घ्यायला बाजारात गेला. पिठासाठी त्याने पिशवी पुढे धरली, एवढ्यात दवंडी झाली की यापुढे कोणी तांबे घेऊ नये, आपले चलन चांदीचे आहे. पात्राचे नाव, गाव किंवा द्राक्षांचा भाव यांना येथे महत्त्व नाही. पण भरल्या गालाने आणि रिकाम्या पिशवीने बाजारात उभा राहिलेला हा माणूस पुढच्या सगळ्या विवेचनात डोळ्यांसमोर ठेवावा, कारण वर घेतलेल्या प्रत्येक निर्णयाची झळ शेवटी त्यालाच लागली.

हे प्रकरण त्या दवंडीच्या आधीच्या वीसेक वर्षांचे आणि नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांचे आहे. ज्या नगरराज्याचे चांदीचे नाणे इजिप्तपासून काळ्या समुद्रापर्यंत बिनबोभाट घेतले जाई, त्याच राज्यावर आपल्या नागरिकांच्या हातात मुलाम्याची नाणी ठेवण्याची वेळ कशी आली, ती टाळता आली असती का, आणि गेलेली पत परत मिळवण्यासाठी पुढे काय केले गेले, हे येथे क्रमाने मांडले आहे. आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे स्वतःची टाकसाळ, असे आपण सहसा धरून चालतो. अथेन्सकडे टाकसाळ आणि नाणे पाडण्याचा हक्क हे दोन्ही या काळात होते, तरीही त्याचे चलन कोसळले. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. लेखातली वर्षे, वेगळे सांगितले नसेल तेथे, इसवी सनापूर्वीची आहेत.

पार्श्वभूमी

अथेन्सचे चार द्राख्मांचे नाणे सुमारे १७.२ ग्रॅम वजनाचे आणि जवळजवळ शुद्ध चांदीचे असे. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे रोखून पाहणारे घुबड, ऑलिव्हची डहाळी, लहानशी चंद्रकोर आणि शहराच्या नावाची पहिली तीन अक्षरे. पाचव्या शतकात हा छाप फारसा बदललाच नाही, आणि तो न बदलण्यातच शहाणपण होते, कारण दूरच्या बंदरातला अक्षरशत्रू व्यापारीसुद्धा घुबड ओळखून नाणे घेत असे. हिशेबाची पद्धत अशी: सहा ओबोलांचा एक द्राख्मा, शंभर द्राख्मांची एक मिना आणि साठ मिनांचा एक टॅलंट, म्हणजे सुमारे २६ किलो चांदी.

ही चांदी अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या प्रदेशाच्या, दक्षिण टोकाजवळच्या लॉरियन येथील खाणींतून येई. ४८३ च्या सुमारास तेथे मोठा साठा हाती लागला, तेव्हा ती रक्कम नागरिकांत वाटून टाकण्याचा विचार चालू होता. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने ती युद्धनौकांवर खर्च करायला लावली आणि ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत त्या नौकांनी पर्शियाच्या आरमाराचा पाडाव केला. खाणी राज्याच्या असल्या तरी काम कंत्राटावर आणि गुलामांच्या हातून चाले. अथेन्सचा लेखक झेनोफन याने नोंदवले आहे की सेनापती निकियासचे एक हजार गुलाम खाणीत होते आणि माणशी रोज एक ओबोल या भाड्याने त्याने ते एका ठेकेदाराला दिले होते. घुबडाच्या नाण्यामागे अरुंद बोगद्यांत दिव्याच्या उजेडावर राबणारी ही माणसे होती, आणि या प्रकरणाला वळण लागले ते ती माणसे निघून गेली तेव्हा.

दुसरा आधार खंडणीचा होता. पर्शियाविरुद्ध ४७८ मध्ये उभ्या राहिलेल्या संघाची तिजोरी ४५४ मध्ये डेलोस बेटावरून अथेन्सला आणली गेली आणि मित्रशहरांची वर्गणी पाहता पाहता खंडणी झाली. स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या तोंडावर, ४३१ मध्ये, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने नागरिकांना दिलेला हिशेब इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवला आहे: वर्षाला सरासरी ६०० टॅलंटची खंडणी, अक्रोपोलिस या शहरातल्या देवळांच्या टेकडीवर ६,००० टॅलंटची नाणी, आणि अगदीच वेळ आली तर अथेनाच्या मूर्तीवरचे ४० टॅलंट शुद्ध सोने, जे काढता येण्याजोगे होते, पण काढल्यास तेवढेच परत करण्याच्या बोलीवर. युद्धाच्या पहिल्याच वर्षी १,००० टॅलंट आणि उत्तमातल्या शंभर नौका वेगळ्या काढण्यात आल्या, आणि शत्रूचे आरमार थेट शहरावर चालून आल्याखेरीज त्या रकमेला हात लावण्याचा ठराव मांडणाऱ्याला देहदंड ठरवला गेला.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातच अथेन्सने आणखी एक पाऊल उचलले. मित्रशहरांनी स्वतःचे चांदीचे नाणे पाडू नये आणि अथेन्सचीच नाणी, वजने व मापे वापरावीत, असा हुकूम निघाला. त्याचा शिलालेख प्रत्येक शहराच्या बाजारात उभारायचा होता आणि शहराने तो आपणहून उभारला नाही तर अथेन्स उभारणार होते. कोस, सिफ्नोस, सायमी अशा बेटांवर या लेखाचे तुकडे सापडले आहेत, त्यामुळे हा हुकूम कागदी नव्हता हे नक्की. अथेन्सच्या पाचशे जणांच्या समितीच्या शपथेतसुद्धा त्यासाठी कलम घातले गेले. व्यापाऱ्याला एकच चलन सोयीचे पडले असेल, हे मान्य केले पाहिजे. पण लहान बेटाच्या नाण्यावर त्याचा कासव, त्याचे द्राक्ष, त्याचा देव असे. ते नाणे बंद होणे म्हणजे सराफाच्या बट्ट्यापुरता बदल नव्हता, ते शहर आता दुसऱ्याच्या हिशेबात जगते, याची ती रोजची खूण होती.

अडचण

४१३ च्या वसंतात स्पार्टाचा राजा एजिस याने अथेन्सपासून सुमारे वीस-बावीस किलोमीटरवर डेकेलिया येथे तट बांधून कायमचे ठाणे दिले. हा सल्ला अथेन्सहून फुटून गेलेल्या अल्किबायडीसचा होता, आणि त्याने स्पार्टात केलेल्या भाषणात लॉरियनचे उत्पन्न तुटेल हा मुद्दा नाव घेऊन मांडला होता. आधीच्या वर्षांत स्पार्टाचे सैन्य उन्हाळ्यात येई, शेते जाळी आणि परत जाई. आता ते बाराही महिने बसून राहिले. थ्युसिडिडीस सांगतो की वीस हजारांहून अधिक गुलाम पळाले आणि त्यांतले बहुतेक कसबी कारागीर होते. युबिया बेटावरून येणारे धान्य पूर्वी डेकेलियावरून खुष्कीने येई; ते आता सुनियनच्या भूशिराला वळसा घालून महागात आणावे लागले.

त्याच वर्षी सिसिलीवर गेलेले अथेन्सचे आरमार आणि सैन्य पूर्ण नष्ट झाले. म्हणजे चांदीचा उगम आटला आणि ती चांदी खर्चून उभे केलेले आरमारही हातचे गेले, हे दोन्ही एका वर्षात घडले. खंडणीऐवजी मित्रशहरांच्या समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापारावर विसावा हिस्सा कर घेण्याचे ठरले, कारण त्यातून जास्त पैसा येईल असे वाटले. पुढच्या वर्षी कायोस बेट फुटले, तेव्हा देहदंडाची अट रद्द करून ते राखीव १,००० टॅलंट मोकळे करण्यात आले.

येथे खर्चाचा आकडा समजून घेतला तर कोंडी लक्षात येते. एका युद्धनौकेवर सुमारे २०० माणसे असत. माणशी रोज तीन ओबोल धरले तर एका नौकेला महिन्याला ३० मिना, म्हणजे अर्धा टॅलंट लागे. ४०६ मध्ये अर्गिनुसाईच्या लढाईसाठी अथेन्सने महिन्याभरात ११० नौका सज्ज केल्या. तेवढ्यांच्या नुसत्या पगाराला महिना ५५ टॅलंट, म्हणजे सव्वा-दीड हजार किलो चांदी हवी. आणि समोरचा पक्ष आता बोली वाढवीत होता. ४०७ मध्ये पर्शियाचा राजपुत्र धाकटा सायरस ५०० टॅलंट घेऊन आला, आणि स्पार्टाच्या लायसँडरने त्याच्याकडून खलाशांचा रोज तीन ओबोलांवरून चार करून घेतला. वल्हेकरी भाड्याचे असत. एका ओबोलासाठी ते बाजू बदलू शकत होते.

समोरचे पर्याय

पगार कमी करणे वरील कारणाने शक्य नव्हते. श्रीमंतांवर जादा कर बसवण्याची वाट माहीत होती, कारण ४२८ मध्ये अशा करातून २०० टॅलंट उभे केले गेले होते. पण हीच घराणी नौकांच्या देखभालीचा खर्च उचलत होती आणि डेकेलियाच्या ठाण्यामुळे त्यांची शेते उजाड झाली होती. हा झरा आणखी किती उपसायचा, यालाही मर्यादा होती.

तिसरा पर्याय देवीच्या भांडाराचा. अक्रोपोलिसवर विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती होत्या. त्या वितळवणे अपवित्र मानले जात नव्हते. पेरिक्लीसच्या भाषणातून दिसते त्याप्रमाणे देवीचे सोने हे संकटातले कर्ज समजले जाई. पण असे सोने एकदाच वितळवता येते.

चौथा पर्याय नाण्याचा कस उतरवण्याचा. घुबडाच्या चांदीत तांबे मिसळून तेवढ्याच चांदीत जास्त नाणी पाडता आली असती. हा मार्ग अथेन्सने घेतला नाही, आणि माझ्या मते या सगळ्या काळातला तो सर्वांत सावध निर्णय होता. काळ्या समुद्राकडून येणाऱ्या धान्याचे मोल परक्या व्यापाऱ्याला द्यायचे होते. त्याने एकदा घुबडावर संशय घेतला असता तर शहर उपाशी मरण्याची भीती होती.

पाचवा पर्याय उघड तांब्याच्या नाण्याचा. तो फार पूर्वी सुचवला गेला होता. डायोनिसियस नावाच्या कवीने अथेन्सला तांब्याचे नाणे चालवण्याचा सल्ला दिला, म्हणून त्याचे नावच ‘तांब्याचा डायोनिसियस’ पडले. पण ज्या समाजात नाणे म्हणजे त्यातली चांदी अशी समजूत हाडामांसी खिळली होती, तेथे राज्याच्या शब्दावर चालणारे तांबे स्वीकारायला शांततेतला वेळ लागला असता. तो वेळ हातातून निघून गेला होता.

सहावा पर्याय तहाचा, आणि त्याचा संबंध चलनाशी थेट होता. अॅरिस्टॉटलच्या नावाने आलेल्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात म्हटले आहे की अर्गिनुसाईच्या विजयानंतर स्पार्टाने डेकेलिया सोडून, ज्याच्या ताब्यात जे आहे ते ठेवून, तह करण्याची तयारी दाखवली. अथेन्सचा लोकनेता क्लिओफोन याने चिलखत घालून आणि मद्य घेऊन सभेत येत तो प्रस्ताव हाणून पाडला. डेकेलिया सोडणे म्हणजे लॉरियन परत मिळणे. सभेने त्या दिवशी युद्ध आणि तह यांच्यात निवड केली, असे इतिहासात सांगितले जाते; पण टाकसाळीच्या बाजूने पाहिले तर त्याच हात वर करण्याने चांदीचा उगम आणखी अनिश्चित काळ शत्रूच्या टाचेखाली राहू दिला गेला.

काय केले गेले

४०७-४०६ च्या वर्षात विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली गेली. अथेन्सने पाडलेले हे पहिले सोन्याचे नाणे. त्याचे ठसे नंतर मोडून टाकले नाहीत. देवीच्या भांडाराच्या पुढच्या याद्यांत ते जपून ठेवलेले आढळतात. सोने देवीचे, म्हणून ठसेही देवीच्या ताब्यात, असा तो हिशेब होता आणि त्यात एक शिस्त दिसते.

पुढच्या वर्षी, ४०६-४०५ मध्ये, सोनेही पुरले नाही. तेव्हा तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवून त्यावर अथेना आणि घुबड यांचाच छाप उमटवलेली नाणी चलनात आली. इ.स. १९०२ मध्ये पायरिअस बंदरात सापडलेल्या संचयात अशी नाणी मोठ्या संख्येने मिळाली आहेत. नवे नाणे डोळ्यांना फसवते. पण वापरात पत्रा आधी कडांना आणि घुबडाच्या डोळ्यांसारख्या उंचवट्यांवर झिजतो, मग तेथून लालसर तांबे डोकावू लागते, आणि दगडी फरशीवर टाकले तर ते खणखणीत न वाजता बद्द वाजते.

४०५ च्या हिवाळ्यात अॅरिस्टोफेनिसचे ‘बेडूक’ हे नाटक झाले आणि त्याला पहिले बक्षीस मिळाले. त्यात समूहगायक नागरिकांना सांगतात की आपण चांगल्या माणसांना जसे वागवतो तसेच जुन्या नाण्यांना आणि नव्या सोन्याला वागवतो: खोटी नसलेली, सर्वांत देखणी, योग्य छापाची, ग्रीक आणि परके सर्वांकडे वाजवून पारखलेली नाणी आपण वापरत नाही, आणि काल-परवा वाईट छापाने पाडलेली ही हलकी तांबडी नाणी वापरतो. ‘वाजवून घेणे’ हा शब्दप्रयोग मराठीत माणसांसाठी आणि नाण्यांसाठी सारखाच चालतो, म्हणून या ओळींचा रोख मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खरी चांदी घरात पुरली गेली होती किंवा परदेशी धान्यासाठी बाहेर जात होती. हातातून हातात फिरत होता तो मुलामा. वाईट नाणे चांगल्याला चलनातून हाकलते, हा पुढे ग्रेशमच्या नावाने ओळखला गेलेला नियम येथे एका नाटककाराने दोन हजार वर्षे आधी नोंदवून ठेवला आहे.

राज्याने हे का केले असेल, याचा विचार सहानुभूतीने करायला हवा. बाहेरच्या देण्यांसाठी चांदी आणि आतल्या देण्यांसाठी प्रतीकात्मक नाणे, अशी ही विभागणी होती. ती मुळात वावगी नाही. दोष होता तो दोन्हींचा छाप एकच ठेवण्यात. तांब्याच्या नाण्याने आपण तांब्याचे आहोत हे लपवायचे, आणि ते लपवण्याचे काम राज्याने स्वतः करायचे, म्हणजे यापुढे खोटे नाणे पाडणाऱ्या चोराला आणि टाकसाळीला वेगळे ओळखण्याची खूणच राहत नाही.

परिणाम

४०५ मध्ये एगोस्पोटामी येथे लायसँडरने अथेन्सचे आरमार काठावरच पकडले. धान्याची वाट तुटली आणि ४०४ मध्ये शहर शरण आले. लांब भिंती पाडल्या गेल्या, खंडणी संपली. हे अपयश मुलाम्याच्या नाण्यांमुळे आले असे म्हणणे चुकीचे ठरेल. नाणी हे तापाचे लक्षण होते. पण युद्ध संपले तरी ती नाणी नागरिकांच्या घरांत, गल्ल्यांत आणि गालांत राहिलीच.

मित्रशहरांनी या काळात काय केले, हेही या प्रकरणाचाच भाग आहे. रोड्स बेटावरची तीन शहरे ४०८-४०७ मध्ये एकत्र येऊन नवे शहर उभे राहिले आणि त्याने सूर्यदेवाचे मुख आणि गुलाब अशा छापाची, स्वतःच्या वजनाची नाणी पाडली. शतकाच्या वळणावर रोड्स, एफेसस, सामोस, बायझंटियम अशा अनेक शहरांनी समान छापाचे नाणे काढले. त्यावर बाल हेराक्लीस दोन सापांचे गळे आवळताना दाखवला आहे आणि त्यांच्या सहकार्याची खूण म्हणून तीन अक्षरे कोरली आहेत. ज्यांना अथेन्सच्या नाण्यात सक्तीने बांधले होते, त्यांनी संधी मिळताच एकजुटीचे नाणे आपल्या मर्जीने निर्माण केले.

अथेन्सकडे चांदी परत आली ती आडवाटेने. ३९४ मध्ये क्निडसजवळ स्पार्टाच्या आरमाराचा पराभव करणारा अथेन्सचा सेनापती कोनोन पुढच्या वर्षी पर्शियाच्या क्षत्रपाचा पैसा घेऊन पायरिअसला उतरला आणि भिंती पुन्हा बांधल्या गेल्या. तांबे रद्द केल्याची दवंडी याच सुमाराची. ज्या पर्शियन पैशाने अथेन्सचे आरमार हरले होते, त्याच पैशाच्या आधारावर अथेन्सचे चलन शुद्ध झाले. ‘आर्थिक स्वातंत्र्य’ हा शब्द या टप्प्यावर जपून वापरावा लागतो.

दुसरा निर्णय: निकोफोनचा कायदा

चांदी परत आली, तरी संशय राहिला. राज्याची जुनी मुलाम्याची नाणी, चोरांची मुलाम्याची नाणी, आणि इजिप्तकडे पाडली जाणारी घुबडाची हुबेहूब नक्कल, जी चांदीला पुष्कळदा चोखही असे, हे सगळे एकाच बाजारात येत होते. दुकानदार सरसकट नाही म्हणू लागले, अगदी चांगल्या नाण्यालाही. ३७५-३७४ मध्ये निकोफोनने मांडलेला कायदा या अडचणीवर आहे. त्याचा शिलालेख इ.स. १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या, म्हणजे अगोराच्या, उत्खननात सापडला आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कायद्याच्या केंद्रस्थानी एक माणूस आहे: सार्वजनिक मालकीचा गुलाम असलेला पारखी. मराठी मुलखात पोतदार भरण्याचे नाणे पारखून घेई, त्याच जातीचे हे काम. तो रोज सराफांच्या मेजांमध्ये बसेल. राज्याचा भरणा असेल त्या दिवशी समितीच्या इमारतीत बसेल. नाणे चांदीचे आणि अथेन्सच्या छापाचे आहे असे त्याने सांगितले की ते घेतलेच पाहिजे. परक्या ठिकाणी पाडलेले पण तोच छाप असलेले नाणे चांगले निघाले तर ते आणणाऱ्याला परत द्यायचे. आत तांबे किंवा शिसे निघाले, किंवा नाणे बनावट निघाले, तर त्याला तेथेच छेद द्यायचा, ते देवमातेला अर्पण करायचे आणि समितीकडे जमा करायचे.

परक्या चांगल्या नाण्याबद्दलचे कलम मला सर्वांत विचारी वाटते. ते जप्त होत नाही, कारण त्यात चांदी आहे आणि आणणारा व्यापारी कदाचित निर्दोष आहे. ते घेण्याची सक्तीही नाही, कारण ते अथेन्सने पाडलेले नाही. दोघांनी राजीखुशीने व्यवहार केला तर राज्याची हरकत नाही. ज्या राज्याने पूर्वी दुसऱ्यांच्या शहरांत जाऊन नाण्याची सक्ती केली होती, ते आता आपल्या बाजाराच्या हद्दीत, आपल्या नाण्यापुरतीच सक्ती करत होते. त्याच्या तीन वर्षे आधी उभ्या राहिलेल्या अथेन्सच्या दुसऱ्या संघाच्या जाहीरनाम्यात मित्रांकडून खंडणी घेणार नाही असे वचन होते, आणि उपलब्ध मजकुरात नाण्याची सक्ती कोठेही नाही.

पारख्याने मंजूर केलेले नाणे नाकारणाऱ्या दुकानदाराचा त्या दिवशी विक्रीला मांडलेला माल जप्त होई. तक्रार धान्यबाजारात धान्यरक्षकांकडे, अगोरात व शहरात सभेच्या संयोजकांकडे, बंदराच्या पेठेत तिथल्या देखरेख्यांकडे करायची. दहा द्राख्मांपर्यंतचा निवाडा अधिकारी स्वतः करत, त्यापुढचा न्यायालयात जाई, आणि गुन्हा सिद्ध झाल्यास तक्रारदाराला जप्तीतला अर्धा वाटा मिळे. पायरिअससाठी आणखी एक पारखी नेमायचा, योग्य गुलाम नसेल तर विकत घ्यायचा, आणि त्याचा पगार टाकसाळीच्या कामगारांच्या पगाराच्याच खात्यातून द्यायचा.

या व्यवस्थेतली क्रूरता झाकता येत नाही. पारखी कामावर बसला नाही किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला ५० फटके. नाणे नाकारणारा विक्रेता गुलाम असेल तर त्यालाही ५० फटके. स्वतंत्र नागरिकांच्या चलनाची पत एका अशा माणसाच्या कानावर आणि बोटांवर उभी होती, ज्याला स्वतःचे असे काहीच नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट खाणींच्या संरक्षणाची. अल्किबायडीसने स्पार्टाला जे सांगितले ते कोणाही अथेन्सवासीयाला ठाऊक होते. ४१३ च्या हिवाळ्यात सुनियनला तट घातला गेला, पण तो धान्याच्या जहाजांसाठी. खाणींच्या शेजारच्या थोरिकोसला तट पडला ४०९ मध्ये, गुलाम पळून चार वर्षे झाल्यावर. झेनोफनने ३५५ च्या सुमारास लिहिलेल्या उत्पन्नावरच्या निबंधात अॅनाफ्लिस्टोस आणि थोरिकोस येथल्या तटांच्या मध्ये तिसरे ठाणे बांधून खाणकामगारांना आसरा द्यावा असे सुचवले आहे. ४२१ च्या तहानंतरच्या शांततेच्या वर्षांत हे करता आले असते. त्या वर्षांतला पैसा सिसिलीला गेला.

दुसरी गोष्ट ४०६ च्या छापाची. तांब्याच्या नाण्याला वेगळा छाप आणि परत घेण्याचे जाहीर वचन दिले असते, तर ते युद्धकाळातले कर्ज ठरले असते. देवीच्या सोन्याच्या बाबतीत परतफेडीची बोली पाळण्याची सवय शहराला होतीच. तीच सवय द्राक्षे विकणाऱ्यापर्यंत नेली गेली नाही. चौथ्या शतकाच्या मध्यावर अथेन्सने उघड तांब्याची सुटी नाणी काढली आणि ती रोजच्या व्यवहारात चालली. म्हणजे डायोनिसियसचा सल्ला अव्यवहार्य नव्हता, तो शांततेत घ्यायचा राहून गेला होता.

तिसरी गोष्ट दवंडीची. नाटकातल्या माणसाला नाणी बदलून घ्यायला दिवस मिळालेला दिसत नाही. बंदी एका हाकेत आली आणि जो त्या क्षणी बाजारात उभा होता त्याचे नुकसान झाले. ठरावीक मुदत आणि ठरावीक बट्टा जाहीर करणे त्या काळच्या सराफांच्या मेजांवर सहज शक्य होते. बट्टा लावून नाणी बदलणे हाच त्यांचा रोजचा धंदा होता.

चौथी गोष्ट निकोफोनच्या कायद्यातच राहून गेली. नाण्याला छेद दिला की ते देवमातेचे झाले. ज्याने ते भाबडेपणाने घेतले आणि पारख्याकडे आणले, त्याला भरपाई नाही. अशा माणसाला पुढच्या वेळी संशय आला तर तो नाणे पारख्याकडे नेण्याऐवजी अंधारात दुसऱ्याच्या गळ्यात मारील, ही शक्यता कायदा करणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही. देवीचे कर्ज मात्र फिटले. वितळवलेल्या विजयदेवतांच्या जागी सोन्याच्या नव्या मूर्ती ३३० च्या दशकात अथेन्सचा राजकारणी लायकर्गस याने करवल्या, तेव्हा मधे सुमारे सत्तर वर्षे गेली होती.